मशीन माझ्या हातात, कागदावर मी हेल्पर

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी सीएनसी लेथ (धातू कातायचं, संगणकावर चालणारं मशीन) चालवते. माझ्याइतकंच काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा मला कमी पगार मिळतो, हे मला फेब्रुवारी २०२३ मध्ये कळलं. फरकाचा शेवटचा चेक जुलै २०२४ मध्ये वटला. मधले सतरा महिने कसे गेले ते लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. गेल्या महिन्यात आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी भेटली. "ताई, नेमकं जायचं कुठं असते?" असं तिने विचारलं आणि मला माझ्या त्या रात्री आठवल्या. अकरा वाजता अंथरुणात मोबाईलवर शोधायचे, तर एक तर कायद्याची कलमं सापडायची नाहीतर ८ मार्चची भाषणं. कोणत्या इमारतीत जायचं, किती झेरॉक्स काढायच्या, किती सुट्ट्या पडतील, हे कुठेच नव्हतं.

कंपनीचं नाव लिहिणार नाही. तडजोड झाली आहे आणि मी अजून तिथेच आहे.

आधी थोडं मागचं. आयटीआयच्या मशिनिस्ट ट्रेडला आमच्या बॅचमध्ये आम्ही दोनच मुली होतो. जुलै २०१९ मध्ये मी इथे हेल्पर म्हणून लागले आणि पहिलं दीड वर्ष खरंच हेल्परचं काम केलं. जॉबची, म्हणजे मशीनवर बनणाऱ्या भागाची, बर (कडेला राहिलेली धातूची कोर) काढायची, चिप्स म्हणजे धातूचा कीस उचलायचा, जॉब पुसून ट्रेमध्ये लावायचे. लॉकडाऊनमध्ये निम्मे ऑपरेटर गावी गेले, काही परत आलेच नाहीत, आणि सुपरवायझरने मला मशीनवर उभं केलं. जानेवारी २०२१ पासून मी एकटी मशीन सांभाळत होते. इन्सर्ट (कातणारं पातं) बदलणं, टूल ऑफसेट देणं (माप बरोबर यावं म्हणून हत्याराची जागा मशीनमध्ये भरणं), पहिला जॉब मायक्रोमीटरने मोजून पास करून घेणं, सगळं. पगार दर वर्षी पाचशे-सातशेने वाढायचा. मशीन मिळालं याच आनंदात मी होते, त्यामुळे अपॉइंटमेंट लेटर पुन्हा उघडून बघावं असं कधी डोक्यातच आलं नाही.

आमच्यात एक पोरगा आहे, माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला. त्याला ऑफसेट द्यायला मीच शिकवलं. तो घरासाठी लोन करत होता. डबा खाताना म्हणाला, "ताई, तुमच्या मोबाईलचा कॅमेरा चांगला आहे न, एवढं स्कॅन करून द्या न." तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा होत्या. प्रत्येकीवर १९,२००. माझा पगार १३,८००.

मी तिन्ही स्लिपा नीट स्कॅन केल्या, त्याला पाठवल्या, माझ्या मोबाईलमधून काढून टाकल्या आणि मशीनवर गेले. त्या दुपारी माझे दोन जॉब रिजेक्ट झाले. त्याच्यावर राग नव्हता. नेमका कोणावर आहे, तेच कळत नव्हतं.

मार्चमध्ये धीर करून सुपरवायझरला विचारलं. ते म्हणाले, "ऑफिसचं काम आहे ते, माझ्या हातात काही नाही." एचआरवाल्या सरांनी फाईल काढून माझंच लेटर माझ्यापुढे ठेवलं. "मॅडम, तुम्ही हेल्पर आहात. ते ऑपरेटर आहेत. तुलना कशी होणार?" मी म्हटलं, सर, मशीन तर मी चालवते. "ती ॲडजस्टमेंट आहे." आणि मग, आवाज मऊ करून, "घरी मिस्टर कमावतात ना?"

त्या पोराची बायको नर्स आहे. त्याला हे कोणी विचारलं नव्हतं.

घरी आईला सांगितलं तेव्हा तिने आजीची गोष्ट काढली. आजी नागपूरच्या एका कापडगिरणीत रीलिंग खात्यात होती. तिथे सगळ्या बायाच. आजी म्हणायची, आमचं खातंच वेगळं, मग आमच्या पगाराचं माप कोणाच्या पगाराला लावायचं? हे ऐकेपर्यंत मला माझी परिस्थिती वाईट वाटत होती. मग लक्षात आलं की निदान मापायला माझ्या शेजारच्या मशीनवर एक माणूस तरी उभा आहे. फक्त कागदावर आमची नावं वेगवेगळ्या रकान्यात होती. पुढचं सगळं भांडण या एका शब्दाचं झालं, 'हेल्पर'.

एप्रिलमध्ये कंपनीला लेखी अर्ज द्यायचं ठरवलं. पहिल्या मसुद्यात मी 'अन्याय', 'पिळवणूक', 'स्त्री म्हणून' असे शब्द भरभरून टाकले होते. माझी वहिनी शाळेत शिकवते. तिने लाल पेनाने ते सगळे खोडले आणि म्हणाली, "तारखा कुठं आहेत?" शेवटी अर्ज एका पानाचा झाला. कधी लागले, कधीपासून कोणत्या नंबरच्या मशीनवर आहे, काय काय काम करते, आणि मागणी काय. गेटवर अर्ज घेतला, पण पोचप्रतीवर सही द्यायला कोणी तयार होईना. मग पोस्टातून रजिस्टर एडीने पाठवला, तीसेक रुपये लागले. सहा दिवसांनी कंपनीच्या शिक्क्यासह पोचपावतीचं कार्ड घरी आलं. पुढे सुनावणीत हे कार्ड सगळ्यात आधी मागितलं गेलं. (सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. पोस्टात गेलात तर स्पीड पोस्टच मागा आणि पोच मिळाल्याचा पुरावा जपून ठेवा.)

महिनाभर उत्तर नाही.

मे महिन्यात, नागपूरच्या मे महिन्यात, सुट्टी काढून मी सेमिनरी हिल्सला केंद्र सरकारच्या कामगार कार्यालयात गेले. कोणीतरी सांगितलं होतं म्हणून. डोक्याला दुपट्टा बांधून, फाईल पोटाशी धरून अर्धा तास बसले. तिथल्या बाबूंनी कागद वाचले, पाणी दिलं आणि सांगितलं की रेल्वे, खाणी, बँका अशा ठिकाणचे कामगार आमच्याकडे येतात. तुमचा खासगी कारखाना आहे, तुम्ही राज्याच्या कामगार कार्यालयात जा, सिव्हिल लाईन्सला. माझी चूक, माझा अर्धा दिवस. तुमची होऊ नये म्हणून लिहिलं. हिंगण्याकडून येणाऱ्यांसाठी: लोकमान्य नगरहून मेट्रो धरायची, सीताबर्डीला बदलायची, झिरो माईलला उतरून ऑटो. उन्हाळ्यात गाडी घेऊन जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सिव्हिल लाईन्सला मी दुसऱ्या आठवड्यात गेले. टेबलावरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला, "तक्रार करायची आहे की दावा?" मला दोन्ही एकच वाटत होतं. कायदा मोडला जातोय हे सांगायचं ती तक्रार, तिचा फॉर्म ए. माझे बुडालेले पैसे मागायचे तो दावा, त्याचा फॉर्म बी. दोन्ही तीन-तीन प्रतींत. दाव्यात रक्कम महिन्यावार लिहायची. मी घाबरले. त्या म्हणाल्या, "वकील करायला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना फुकट असतं."

हे वाक्य मला ३१ वर्षांच्या आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. तिच्यात स्त्रिया आहेत, आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. मी उत्पन्नाचा दाखला काढायला निघालेच होते, त्याची गरज पडली नाही. जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज, आधारची झेरॉक्स आणि माझ्याकडचे कागद दिले. बारा दिवसांनी फोन आला आणि वकील मॅडमचं नाव मिळालं. जायला जमत नसेल तर १५१०० या नंबरवर फोन करून विचारता येतं.

फुकटचा वकील म्हणजे कसा असेल, ही शंका माझ्याही मनात होती. पहिल्या भेटीत मॅडमनी माझी फाईल बाजूला ठेवली. "कायद्याचं मी बघते, तू मला तुझं मशीन समजावून सांग." दीड तास मी चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) आणि ऑफसेट समजावत बसले. मग त्यांनी मला १९७६ च्या समान मोबदला कायद्यातली 'समान काम' याची व्याख्या वाचून दाखवली. मला समजलं ते असं: काम शब्दशः एकच असायला हवं असं नाही. लागणारं कौशल्य, मेहनत आणि जबाबदारी सारखी असली, परिस्थिती सारखी असली, आणि जो काही फरक असेल तो व्यवहारात महत्त्वाचा नसला, तर ते समान काम. "म्हणजे ते आता काय करतील," मॅडम म्हणाल्या, "फरक शोधत बसतील. आपण बसून आधी शोधू."

मी त्यांना पोराच्या स्लिपबद्दल सांगितलं आणि लगेच सांगितलं की त्याचं नाव यात नको. मॅडम म्हणाल्या, लागणारच नाही. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, तो कंपनीलाच पगाराचं रजिस्टर हजर करायला सांगू शकतो. तुम्हीही हे लक्षात ठेवा. सोबत्याची स्लिप चोरून फोटो काढणं, ड्रॉइंगचे फोटो काढणं, असलं काही करू नका. आमच्याकडे शॉप फ्लोअरवर मोबाईलला बंदी आहे, त्याच कारणावरून मला घरी बसवता आलं असतं. मी वहीत फक्त कागदांचे फॉर्म नंबर आणि तारखा लिहून ठेवल्या. कोणता कागद आहे हे तुम्हाला माहीत असलं की तो मागता येतो.

जुलैमध्ये तक्रार आणि दावा दाखल झाला. जानेवारी २०२१ ते मार्च २०२३, सत्तावीस महिने. पहिल्या वर्षी महिना ४,२०० चा फरक, दुसऱ्या वर्षी ४,९००, शेवटचे तीन महिने ५,४००. एकूण १,२५,४००. हा आकडा कागदावर लिहिताना माझा हात अडखळला. एवढे पैसे मी कधी कोणाकडे मागितले नव्हते.

आता कोणी हे करायला निघालं असेल तर एक बदल सांगते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७६ चा कायदा जाऊन त्याच्या जागी वेतन संहिता लागू झाली आहे. तत्त्व तेच आहे. दावा तीन वर्षांच्या आत करायचा असतो, आणि अधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. माझे फॉर्म जुन्या नियमांतले होते, तेव्हा तुम्ही जाल त्या दिवशी कोणता नमुना चालतो हे टेबलावर विचारून घ्या.

नोटीस कंपनीत पोचली तो दिवस मला बरोबर माहीत आहे, कारण दुसऱ्या दिवशी मला मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं. कारण विचारलं तर "रोटेशन". चहाच्या वेळी माझ्या बाकावर कोणी बसेना. एकाने ऐकू जाईल असं म्हटलं, "कायले एवढं करून राहिली, बाईचं काम सोपंच असते." सगळ्यात जास्त मला त्या पोराचं वाईट वाटलं. आठवडाभर तो नजर चुकवत होता. मग एकदा गेटबाहेर गाठून म्हणाला, "ताई, आमचा पगार त कमी नाही होणार न? माझा हप्ता सुरू झाला." सगळ्यांना हीच भीती घातली होती, की समान करायचं तर वरचे खाली आणतील. मी मॅडमना विचारून त्याला सांगितलं: कायद्यातच लिहिलं आहे की समानता आणण्यासाठी मालकाला कोणाचाही पगार कमी करता येत नाही. त्याने दोनदा विचारलं, "लिहिलं आहे?" त्यानंतर चहाच्या बाकावर पुन्हा थोडी माणसं बसू लागली.

पॅकिंगमध्ये पाच आठवडे गेले. मॅडमनी त्याबद्दल वेगळा अर्ज दिला. पुढच्या तारखेला अधिकाऱ्यांनी कंपनीच्या माणसाला एवढंच विचारलं, "तक्रार आली म्हणून हलवलं का?" ऑक्टोबरमध्ये मी मशीनवर परत आले. खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचा परिणाम किती आणि दिवाळीआधीच्या ऑर्डरचा किती, मला माहीत नाही.

मध्ये २३ सप्टेंबरची ती रात्र आली. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि सकाळी निम्मं नागपूर पाण्यात. आम्ही उंचावर राहतो, आम्हाला काही झालं नाही, पण मॅडमचं ऑफिस तळमजल्यावर, नागनदीपासून जवळ. दुपारी त्यांचा फोन आला, "तुझी फाईल भिजली गं." मी सगळं स्कॅन करून स्वतःला ईमेल करून ठेवलं होतं, वहिनीच्या हट्टामुळे. १८७ पानं पुन्हा छापली, ३७४ रुपये. शाई पसरलेली जुनी फाईल मॅडमनी तरीही फेकली नाही, पंख्याखाली वाळवून ठेवली.

कंपनीचं उत्तर आलं त्यात तीन मुद्दे होते. पुरुष जड जॉब उचलतात. पुरुष रात्रपाळी करतात. आणि अर्जदार हेल्पर आहे, तिला किमान वेतनापेक्षा जास्तच दिलं जातं. जाता जाता मंदीचाही उल्लेख होता. मंदीबद्दल मॅडमनी एकच जुना निकाल जोडला: १९८७ साली सर्वोच्च न्यायालयात मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर बाईंचं प्रकरण गेलं होतं. पुरुष स्टेनोग्राफरांना जास्त, बायकांना कमी. मालकाची आर्थिक ओढाताण हे कमी पगाराचं कारण होऊ शकत नाही, असं न्यायालयाने तेव्हाच सांगितलं. युनियनशी करार झालाय म्हणूनही चालत नाही. ऑफिसातल्या टाइपरायटरवरच्या बाईंचं भांडण छत्तीस वर्षांनी माझ्या लेथच्या कामी येईल, असं कोणाला वाटलं असतं!

डिसेंबरमध्ये काही झालं नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. त्या दिवसांत सिव्हिल लाईन्समधली तारीख म्हणजे बॅरिकेडपर्यंत जाऊन परत येणं. मिळालेली तारीख डिसेंबरची असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा.

जानेवारी २०२४ मध्ये रजिस्टरं आली आणि बऱ्याच गोष्टी आपोआप सुटल्या. रात्रपाळीचं घ्या. पगाराच्या रजिस्टरमध्ये 'नाइट अलाउन्स' असा वेगळा रकाना होता, रात्रीमागे ६० रुपये. म्हणजे रात्रीचे पैसे वेगळे मिळतच होते. फरक मूळ पगारात होता. शिवाय कारखान्यांच्या कायद्यात संध्याकाळी सातनंतर बायकांना कामाला ठेवायला वर्षानुवर्षं मनाई होती, पुढे महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली. मला रात्रपाळी करणार का असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. आधी दार लावायचं आणि मग आत आली नाही म्हणून पैसे कापायचे, असा प्रकार.

वजनाचं उत्तर जॉबच्या ड्रॉइंगवरच छापलेलं होतं. आमच्या लेथवरचा सगळ्यात जड जॉब नऊ किलोचा. त्याहून मोठे जॉब दुसऱ्या खात्यात चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) चढवतात, तिथे पुरुषही हाताने उचलत नाहीत. मला उलटतपासणीत विचारलं, नऊ किलो दिवसभर उचलू शकता का? मी म्हटलं, माझा मुलगा चौदा किलोचा आहे, पण तो चकमध्ये बसत नाही. मॅडमनी डोळे वटारले. अधिकारी हसले, पण ते वाक्य नोंदवलं नाही. उलटतपासणीत विनोद करू नका, मला नंतर बोलणी बसली.

उरला 'हेल्पर'. पुरुष आणि स्त्री कामगारांची माहिती ठेवायचं एक रजिस्टर त्या कायद्यात होतं, फॉर्म डी. त्यात मला धरलं होतं तो गट 'हेल्पर, अर्धकुशल' आणि त्या पोराचा गट 'ऑपरेटर, कुशल'. कंपनीच्या वकिलांनी ते पान अगदी समाधानाने पुढे सरकवलं. मग मॅडमनी मी वहीत लिहून ठेवलेले दोन फॉर्म नंबर मागितले.

पहिला, सेटअप अप्रूव्हल शीट. मशीनवर नवा जॉब लागला की पहिल्या नगाची मापं लिहून खाली ऑपरेटरने सही करायची असते. ग्राहकांच्या ऑडिटसाठी कंपनी हे कागद अगदी जपून ठेवते. सव्वादोन वर्षांच्या गठ्ठ्यात 'ऑपरेटरची सही' या जागी शेकडो वेळा माझी वेडीवाकडी सही होती. दुसरा कागद म्हणजे स्किल मॅट्रिक्स. कारखान्यात काम करणाऱ्यांना माहीत असेल, भिंतीवर एक तक्ता असतो, नावापुढे गोल, आणि येत असेल तितका तो गोल भरलेला. पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. पूर्ण गोल म्हणजे हा माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो. सीएनसी लेथच्या रकान्यात माझा गोल पूर्ण होता. त्या पोराचा पाऊण. खाली एचआरची सही. ग्राहकाला दाखवायला मी शिकवणारी, पगार द्यायला हेल्पर.

त्या दिवशी बाहेर आल्यावर मॅडमनी आणि मी टपरीवर तर्री पोहे खाल्ले. मला वाटलं झालं. पण अजून तीन तारखा होत्या, त्यातल्या एकीला कंपनीचे वकील आजारी आणि एकीला अधिकारी निवडणुकीच्या कामाला.

एप्रिल २०२४ मध्ये कंपनीनेच तडजोडीचा मसुदा आणला. पहिल्या मसुद्यात सव्वा लाख पूर्ण द्यायला ते तयार होते, पण पाचव्या कलमात, बारीक अक्षरात, 'अर्जदार स्वेच्छेने राजीनामा देत आहे' असं होतं. मी वाचलंच नसतं, मॅडमनी बोट ठेवलं. रात्रभर झोप नाही. नवरा म्हणाला, "पैसे घे अन् सोड, दुसरीकडं लागशील." दुसरीकडे मी पुन्हा हेल्पर म्हणूनच लागले असते. शेवटी ठरलं ते असं: १ एप्रिलपासून पदनाम सीएनसी ऑपरेटर, मूळ पगार त्या श्रेणीतल्या इतरांइतका, मागचे १,००,००० दोन हप्त्यांत, नोकरी चालू. पंचवीस हजार सोडले. आदेश घेतला असता तर अपील झालं असतं आणि आणखी किती महिने गेले असते कोण जाणे. बरोबर केलं का, हे अजूनही कधीकधी वाटतं. तडजोड करणाऱ्यांनी फरकाच्या रकमेवर पीएफ भरला जाईल का, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावं. माझ्याकडून ते राहिलं, आणि मग त्यासाठी दोन महिने वेगळा पत्रव्यवहार करावा लागला.

खर्चाचं विचारतात म्हणून: झेरॉक्स आणि प्रिंट ७१०, टपाल १६०, नोटरी ४००, मेट्रो आणि ऑटो १,९००. वकिलाचे शून्य. पण अकरा दिवस बिनपगारी पडले, ते ५,८००. म्हणजे सगळा मिळून नऊ हजारांच्या आत, आणि त्यातला मोठा भाग तारखांना जाण्याचाच.

आमच्याकडे मशीनवर आणखी एक बाई आहे. सुरुवातीला ती सोबत येणार होती, दोघींचा एकच अर्ज चालला असता. मग तिच्या घरून नको म्हणाले. जून २०२४ मध्ये तिचंही पदनाम न मागता बदललं. ती त्याबद्दल बोलत नाही, मीही काढत नाही. त्या महिन्यात तिने दोनदा डब्यात माझ्यासाठी वेगळी सांभारवडी आणली होती.

दुसरा चेक १२ जुलैला जमा झाला. त्याच आठवड्यात कंपनीने सगळ्यांना नवी ओळखपत्रं वाटली, फोटो रंगीत, गळ्यात घालायची निळी दोरी. माझ्या नावाखाली छापलं होतं: हेल्पर.

एचआरवाले सर म्हणाले, "जुन्या लिस्टवरून छापलं गेलं मॅडम, सिस्टीममध्ये बरोबर आहे, राहू द्या ना." मी जेवणाच्या सुट्टीत एका पानाचा अर्ज लिहिला. तारीख, तडजोडीचा संदर्भ, मागणी. दोन प्रती. या वेळी गेटवर न मागता पोचप्रतीवर शिक्का मिळाला. दुरुस्त कार्ड एकोणीस दिवसांनी आलं.